सहाशे फौंड्र्या, एक कान

भूपाल मगदूम कास्टिंग ऐकून पारखायचे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम फौंड्रीत त्यांची एकेचाळीस वर्षं गेली होती. आधी साचे भरायला, मग भट्टीवर, आणि शेवटची वीस वर्षं नुसती तपासणी. साच्यात ओतून थंड झालेलं बिडाचं कास्टिंग साखळीला टांगायचं, छोट्या हातोडीनं एक टोला द्यायचा, मान जराशी डावीकडे कलती करायची आणि आवाज पुरता विरेपर्यंत हलायचं नाही. मग निकाल. "जाऊ दे", नाहीतर "वितळवा".

खणखणीत वाजलं तर आत सगळं एकसंध आणि बद्द वाजलं तर कुठंतरी पोकळी, एवढं फौंड्रीतल्या कुणालाही कळतं. भूपालअण्णांना त्याच्या पुढचं कळायचं. पोकळी आहे, पण अशा जागी की लेथवर खरवडताना निघून जाईल. किंवा आवाज वरवर छान आहे, पण विरताना शेवटी बारीकशी कुरकुर आहे, म्हणजे हे वर्षभरात फुटणार. मोठ्या कंपन्यांचे लोक एक्स-रे काढून आणायचे आणि अण्णांचा निकाल त्याच्याशी ताडून बघायचे. क्वचितच फरक पडायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी पद्मजा इंजिनीअर होऊन पुण्याला गेली, त्याला बारा वर्षं झाली होती. ती दिवाळीला यायची आणि पर्युषणात यायची. आली की दोन दिवस आईशी बोलायची. अण्णांशी काय बोलावं हे तिला सुचत नसे आणि अण्णांनाही. फाटकापाशी बॅग गाडीत ठेवताना ते म्हणायचे, "पोचल्यावर फोन कर." ती करायची. "पोचले." "बरं." संपलं.

त्या वर्षी दोन सामुद्रधुन्या एकाच हंगामात बंद पडल्या. एकीत युद्ध पेटलं आणि दुसरीतली वाहतूक विम्याअभावी थांबली. जगातला जवळजवळ निम्मा माल समुद्रात नाहीतर बंदरांत अडकला. दुकानांतल्या वस्तू कमी झाल्या, ते लोकांना लगेच दिसलं. पण त्याहून वाईट गोष्टी हळूहळू दिसायला लागल्या. पाण्याच्या योजनेचा एक पंप बंद पडला की त्याचा सुटा भाग येत नसे. दवाखान्यातला प्राणवायूचा प्लांट थांबला की थांबलेलाच राहायचा. जो भाग हवा तो जगाच्या पाठीवर एकाच कारखान्यात तयार होत असे आणि तो कारखाना सहा हजार मैलांवर.

पद्मजा ज्या सरकारी प्रकल्पात होती त्याचं नाव होतं 'गुंफण'. कल्पना डॉ. वसुंधरा हेबळेकरांची. एका मोठ्या कारखान्यावर अवलंबून राहायचंच नाही. एखाद्या यंत्राचा आराखडा संगणकाला दिला की तो त्याचे तुकडे पाडायचा आणि राज्यभरातल्या लहान-मोठ्या वर्कशॉपांमध्ये वाटून द्यायचा. कुणाकडे बीड शिल्लक आहे, कुणाचा लेथ रिकामा आहे, कुठं आज वीज आहे, कुठला रस्ता खचलाय, हे सगळं त्याला सतत कळत असे. सांगलीतलं एक वर्कशॉप बंद पडलं तर दोन तासांत तेच काम नाशिकला सुरू व्हायचं. कोणतीही एक गाठ तुटली तरी वीण उसवायची नाही, हे त्यामागचं तत्त्व.

अडचण एकच होती. तपासणी. सहाशे फौंड्र्यांमध्ये ओतलेलं कास्टिंग आतून चांगलं आहे हे सांगायचं कुणी? एक्स-रेची उपकरणं बाहेरून यायची, ती आता येत नव्हती. होती ती एकेक करून बंद पडत होती.

बैठकीत पद्मजानं पहिल्यांदाच वडिलांबद्दल सांगितलं. बोलताना तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

तिची कल्पना साधी होती. प्रत्येक घन वस्तूला स्वतःची ठरावीक कंपनं असतात. टोला दिला की ती त्याच सुरांत वाजते. आत चीर असेल तर त्या जागी धातू सैल पडतो, एखादा सूर खाली घसरतो, एखाद्या सुराचे दोन जवळजवळचे सूर होतात, एखादा लवकर मरतो. मायक्रोफोनला हे सगळं माणसापेक्षा चांगलं ऐकू येतं. पण यातला कुठला फरक घातक आणि कुठला निरुपद्रवी, हे मायक्रोफोनला कळत नाही. दोन चांगली कास्टिंगही कधी अगदी सारखी वाजत नाहीत. ते कळायला हजारो आवाज आणि प्रत्येक आवाजासमोर जाणकाराचा निकाल हवा. तेवढं मिळालं की यंत्र शिकेल, आणि मग एक मायक्रोफोन आणि एक हातोडी एवढ्यावर कुठल्याही फौंड्रीत तपासणी होईल.

"जाणकार आहे?" डॉ. हेबळेकरांनी विचारलं.

"माझे वडील आहेत," पद्मजा म्हणाली.

*

ती जानेवारीत कोल्हापूरला आली आणि ऑगस्टपर्यंत राहिली.

फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी जागा केली. चारी बाजूंनी पोती लावून बाहेरचा गोंगाट अडवला. अण्णा टोला द्यायचे, निकाल सांगायचे, पद्मजा समोर बसून संगणकात नोंदवायची. दिवसाला साठ-सत्तर कास्टिंग. पहिले दोन-अडीच महिने मोठे पंप होते, मणा-मणाचे. त्यांचा आवाज खोल, घंटेसारखा. एक्स-रेचं एक यंत्र तेव्हा चालू होतं, त्यातून चारशे कास्टिंग ताडून बघितली. अण्णा सत्त्याण्णव टक्के बरोबर निघाले. ते यंत्र मार्चअखेर बंद पडलं, तेव्हा कुणी फारशी काळजी केली नाही.

मग लहान कास्टिंग आली. प्राणवायूच्या प्लांटमधल्या कॉम्प्रेसरची झाकणं, तळहाताएवढी. ती बारीक, उंच सुरात वाजायची.

दुपारी दोघं डबा उघडायची. आई ज्वारीची भाकरी आणि झुणका द्यायची, कधी दह्यातली चटणी. जेवताना अण्णा बोलायला लागले. पद्मजानं त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. साचा भरताना वाळू किती ओली हवी ते मुठीत धरून कसं कळतं, भट्टीवर असताना एकदा छातीवर बीड उडालं होतं त्याचा डाग, ती जन्मली त्या दिवशी ते तिसऱ्या पाळीवर होते आणि मुकादमानं सुट्टी दिली नाही म्हणून हातोडी टाकून निघून आले होते.

"मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तू कधी इचारलंस?" अण्णा हसले.

संध्याकाळी स्कूटरवरून ती त्यांना घरी न्यायची. रस्त्यात ती काही बोलली तर ते मागून "आं?" करायचे. वाऱ्यानं ऐकू येत नसेल, असं तिला वाटायचं. ऑगस्टमध्ये अकरा हजार आवाज पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी तिनं संगणक मिटला, तेव्हा अण्णा बराच वेळ स्टुलावरून उठले नाहीत.

"संपलं व्हय?" त्यांनी विचारलं.

*

यंत्राचं नाव कागदोपत्री काहीतरी लांबलचक होतं, पण फौंड्र्यांमधून लोक त्याला 'अण्णा'च म्हणायला लागले. "अण्णाला दाखवलंस का?" "अण्णानं सोडलं." दिवाळीपर्यंत सहाशे फौंड्र्यांत ते बसलं. बंद पडलेले पंप सुरू झाले. प्राणवायूचे तीनशेहून जास्त प्लांट पुन्हा चालू झाले, त्यातला एकही भाग बाहेरून आला नव्हता. शिरोलीच्या उद्योजकांनी भूपालअण्णांचा सत्कार केला. फेटा बांधून ते व्यासपीठावर बसले होते. वक्ते बोलत असताना ते त्यांच्याकडे न बघता पहिल्या रांगेत बसलेल्या पद्मजाकडे बघत होते. ती टाळी वाजवायला लागली की तेही मान हलवायचे.

फेब्रुवारीत कोकणातल्या एका लहान दवाखान्यात कॉम्प्रेसरचं झाकण फुटलं. प्लांट चालवणारा दत्ताराम धुरी जागच्या जागी गेला. चौतीस वर्षांचा होता.

झाकणाचे तुकडे तीन दिवसांनी पुण्यात पद्मजाच्या टेबलावर आले. त्यावर ओतीव क्रमांक स्पष्ट होता. झाकण साताऱ्याजवळच्या एका फौंड्रीत तयार झालं होतं आणि त्याच्या टोल्याचा आवाज साठवलेला होता. तिनं तो उघडला. पडद्यावर उंच सुरांच्या भागात एका शिखराची दोन शिखरं झालेली लख्ख दिसत होती. चीर. शाळेतल्या मुलालाही दाखवून देता आली असती. आणि त्याच्याखाली यंत्राचा निकाल होता: योग्य.

म्हणजे मायक्रोफोनला ऐकू आलं होतं. ऐकू येऊनही यंत्रानं सोडून दिलं होतं. असं ते आपणहून करत नाही. त्याला तसं शिकवावं लागतं.

तिनं शिकवणीतले जुने आवाज काढले. लहान झाकणांमध्ये असेच दुभंगलेले सूर शोधले. दोनशेच्या वर निघाले. त्यातल्या निम्म्यांपुढे अण्णांचा निकाल "जाऊ दे" होता आणि निम्म्यांपुढे "वितळवा". नाणं उडवून ठरवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती कोल्हापूरला आली आणि घरी न जाता थेट फौंड्रीत गेली. शिकवणीतली काही झाकणं नमुना म्हणून शेडमध्ये ठेवलेली होती. "जाऊ दे"चा शेरा असलेली आणि आवाज दुभंगलेली अशी सहा तिनं निवडली आणि करवतीवर कापून घेतली. चारांत चीर होती.

ती घरी गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अण्णा परसात उन्हाला पाठ करून शेंगा फोडत बसले होते. ती मागून आली, तरी त्यांना कळलं नाही. खांद्याला हात लावल्यावर ते दचकले आणि मग त्यांचा चेहरा फुलला.

"कवा आलीस? फोन न्हाई केलास!"

तिनं पिशवीतून एक चांगलं झाकण काढलं, दोरीला बांधलं आणि हातोडी घेतली. "अण्णा, भिंतीकडं तोंड करून बसा."

ते काही क्षण तिच्याकडे बघत राहिले. मग हातातल्या शेंगा ताटात ठेवल्या, लुंगी सावरली आणि निमूटपणे भिंतीकडे वळले.

तिनं टोला दिला. झाकण खणखणीत वाजलं. शेजारच्या अंगणातलं कुत्रं मान वर करून बघायला लागलं. अण्णा हलले नाहीत. तिनं पुन्हा टोला दिला. आवाज विरला. परसात काहीच नव्हतं, नुसतं ऊन.

"दिलास काय गं टोला?" अण्णांनी विचारलं.

पद्मजाच्या हातून हातोडी खाली पडली. ती पडल्याचा आवाज मात्र त्यांना आला, आणि ते वळले.

*

भट्टीपाशी आयुष्य काढणाऱ्यांचे कान असेच जातात. सगळे एकदम जात नाहीत. आधी वरचे सूर जातात. बोलणं ऐकू येतं, मोठी घंटा ऐकू येते, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. माणसालाही लागत नाही. बारीक आवाज जगातून निघून गेलेत हे कळायला तो आवाज असायला हवा होता हे आठवावं लागतं.

"मोठे पंप मला येत हुते," अण्णा सांगत होते. आई दारात उभी होती. "ते खरं सांगितलं. शपथेवर. ही बारकी आली आणि मी टोला दिला, तर... हातोडी लागल्याचं हाताला कळलं. कानाला तवा टक् एवढं तरी यायचं. पुढं काय न्हाई."

"मग निकाल कसे दिलेत?"

"तुझ्या तोंडाकडं बघून." ते खाली बघत होते. "तू त्या पडद्याकडं बघायचीस. कायतरी वाकडं दिसलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची. मग मी वितळवा म्हणायचो. पण तू कंटाळलेली असलीस, न्हाईतर माझ्याकडं बघत असलीस, तर मला कळायचं न्हाई. मग अंदाजानं."

"सांगायचं होतं ना अण्णा! एका शब्दानं!"

"सांगणार हुतो. रोज सकाळी ठरवायचो." ते थांबले. "सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली असतीस."

पद्मजानं पडलेली हातोडी उचलून पिशवीत ठेवली.

"बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासंगं जेवत हुतीस गं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, एवढं मोठं सरकारचं काम, पुढं तपासणारे असतीलच की कोणतरी. माझ्या एकट्यावर कशाला ठेवतील?"

आई म्हणाली, "मी नेलं हुतं त्यांना डॉक्टरकडं. एप्रिलात. कानातलं मशीन लावा म्हणाले, सगळं ऐकू येईल. पण त्यातली चिप बाहेरनं येती. यादीत नाव घातलं. तिसऱ्या यादीत. दोन वर्षं तर लागतील म्हणाले. तुला सांगायचं न्हाई म्हणून ह्यांनी बजावलं हुतं मला."

कुठल्या गोष्टीला किती प्राधान्य द्यायचं त्या याद्या 'गुंफण'च्याच समितीनं केल्या होत्या. पहिल्या यादीत हृदयाची यंत्रं, दुसऱ्यात डायलिसिस, इन्शुलिनची उपकरणं. तिसऱ्यात काय टाकायचं यावर वाद झाला, तेव्हा पद्मजा म्हणाली होती, "ऐकू न आल्यानं कुणी मरत नाही." सगळ्यांना ते पटलं होतं. तिनंच टाइप केलं होतं.

तिनं अण्णांना दत्ताराम धुरीबद्दल सांगितलं. जवळ बसून, समोरून, सावकाश. त्यांना एक शब्दही दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

*

"ध्वनिग्रहणातली त्रुटी, असं लिहू या," डॉ. हेबळेकर म्हणाल्या. त्या दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. "खोटं नाही ते. पद्मजा, तुझ्या वडिलांचं नाव आलं तर लोक त्यांना जगू देणार नाहीत. आणि प्रकल्पावरचा विश्वास गेला तर फौंड्र्या बाहेर पडतील. मग पंप कोण करणार? आपण उभं केलंय ते दुसरं कुणी करणार नाही."

"त्रुटी मायक्रोफोनची म्हटलं तर लोक मायक्रोफोन बदलतील," पद्मजा म्हणाली. "आणि त्याच निकालांवर यंत्राला पुन्हा शिकवतील. ते निकाल आपण चार राज्यांना दिलेत मॅडम. ब्रेकचे भाग तपासणाऱ्यांनी घेतलेत. कुठले निकाल खरे आणि कुठले खोटे हे कळायला त्यांना कान कुणाचा होता आणि कधी गेला हे कळायला हवं. दुसरा मार्ग नाही."

डॉ. हेबळेकर खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "आपण म्हणालो होतो, कुठलीही एक गाठ तुटली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "सहाशे फौंड्र्या केल्या. आणि सगळ्यांच्यात एकच कान बसवला. मलाही दिसलं नाही गं. मी तर याच गोष्टीचे धडे देत फिरते."

मग त्या वळल्या. "लिही. सही माझीही असेल."

पद्मजा अहवालाचा मसुदा घेऊन घरी गेली. अण्णांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला. स्वतःचं नाव आलं तिथं त्यांनी बोट ठेवलं, पण थांबले नाहीत. तिसऱ्या पानावर थांबले. तिथं लिहिलं होतं की एक एप्रिलनंतरचे लहान कास्टिंगचे निकाल रद्द समजावेत.

"एप्रिल न्हाई," ते म्हणाले. "मार्च. होळीच्या आधी मधल्या आकाराचे पंप आले हुते बघ, ते निळ्या रंगाचे. तेबी मला नीट येत न्हवते."

"अण्णा, त्याचा अर्थ कळतोय का? अजून नऊ हजार कास्टिंग परत बोलवावी लागतील."

"म्हणूनच सांगतोय."

तिनं तारीख बदलली.

अहवाल सोमवारी जाहीर झाला. एकेचाळीस हजार कास्टिंग थांबवली गेली. प्राणवायूचे प्लांट तीन आठवडे बंद राहिले आणि ट्रकांनी सिलिंडर पोचवावे लागले. सगळीकडे ते वेळेवर पोचले नाहीत. त्याचे आकडे पद्मजानं मागवले आणि एकटीनं वाचले.

शिरोलीत लोक अण्णांना वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते रस्त्यानं आले की चहाच्या टपरीवरची माणसं कपात बघायला लागायची. सत्काराचा फोटो फौंड्रीच्या कचेरीतून निघाला. साचे भरणाऱ्या एका मोल्डरच्या मुलाच्या वर्कशॉपची ऑर्डर रद्द झाली, तो अण्णांच्या दारात येऊन नुसता उभा राहिला आणि काही न बोलता परत गेला. अण्णांनी फौंड्रीत जाणं सोडलं.

'गुंफण' मात्र तुटली नाही. प्रत्येक फौंड्रीनं आपापल्या जाणकारांकडून यंत्राला शिकवून घ्यायचं ठरलं. आधी प्रत्येकाच्या कानांची तपासणी, मग तिघांचा निकाल, आणि तिघांत एकमत नसेल तर कास्टिंग कापून बघायचं. जुने मोल्डर आले, साचे भरणाऱ्या बायका आल्या. त्यातल्या कित्येकींचे कान फारच तयार निघाले, त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. परत आलेल्या कास्टिंगमधून चिरा गेलेली अकराशे त्रेसष्ट सापडली. त्यातलं प्रत्येक कुठल्यातरी दवाखान्यात किंवा पंपघरात कुणाच्यातरी शेजारी चालू होतं. तपासनिसांसाठी कानातली यंत्रं पहिल्या यादीत आली. अण्णा आता तपासनीस नव्हते, त्यामुळे त्यांचं नाव होतं तिथंच राहिलं. पद्मजानं खटपट करते म्हटल्यावर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

ती आता दर शनिवारी घरी यायची. दोघं समोरासमोर बसून जेवायची. अण्णा काही सांगत नसत आणि तिलाही विचारवत नसे. तिच्या कपाळावर आठी पडली तर ते लगेच ताटाकडे बघायला लागायचे.

एप्रिलच्या एका शनिवारी ते म्हणाले, "मला त्या पोरीकडं ने. धुरीच्या घरी."

*

घर रस्त्यापासून खाली होतं, पायऱ्या उतरून. दत्तारामची बायको प्रणाली धुरी अंगणवाडीत शिकवायची. ती नुकतीच परतली होती, खांद्यावर अजून पिशवी होती. पद्मजानं ओळख करून दिली, तेव्हा तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पडवीतल्या बाकाकडे हात केला. आत गेली, दोन तांबे पाणी आणून ठेवलं.

अण्णा बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले. गाडीत त्यांनी बरंच काही पाठ केलं होतं, पद्मजाला ओठ हलताना दिसत होते. त्यातलं काहीच त्यांना आलं नाही.

"मी भूपाल मगदूम," ते म्हणाले. "माझ्यामुळं झालं."

प्रणालीनं काहीतरी उत्तर दिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून, अंगणाकडे तोंड करून बोलत होती, हळू आवाजात. अण्णांना तिचे ओठ दिसत नव्हते. त्यांनी पद्मजाकडे पाहिलं.

"काय म्हणतीय?"

पद्मजानं पिशवीतून वही काढली. "तुम्ही बोला," ती प्रणालीला म्हणाली. "मी त्यांना लिहून देते. त्यांना ऐकू येत नाही."

"माहीत आहे. पेपरात आलं होतं." प्रणाली थांबली. "त्यांना सांगा, आमच्याकडे पुष्कळ लोक आले. साहेब आले, फोटोवाले आले. सगळे म्हणाले, दुर्दैव. माझ्यामुळं झालं असं म्हणणारे हे पहिलेच."

पद्मजानं लिहिलं. अण्णांनी वाचलं. ते तसेच हात जोडून उभे होते.

"पण मी माफ केलं असं म्हणणार नाही. तसं म्हणायला लावू नका मला." तिचा आवाज अजून हळूच होता. "आणि एक सांगा त्यांना. त्या दिवशी दत्ताराम प्लांटच्या खोलीबाहेर होता. बाहेर उभा राहून वॉर्डातल्या सिस्टरशी बोलत होता. मध्येच म्हणाला, आवाज बदललाय. सिस्टरला काही ऐकू आलं नव्हतं, कुणालाच आलं नव्हतं. तो म्हणाला, बारीक शिट्टीसारखं येतंय, बघून येतो. आणि आत गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याचे कान चांगले होते."

पद्मजाचं पेन थांबलं.

परसदारी कुणीतरी बादली भरत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तिनं मान वर करून अण्णांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, तिच्या कपाळाकडे, भुवयांकडे, ओठांकडे. त्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी आधीच वाचलं असावं. एवढ्यावर थांबता येईल, असं तिला वाटलं. दमल्यात त्या, असं लिहिता येईल. निघू या, असं लिहिता येईल. बासष्ट वर्षांच्या माणसाला हे कळून काय होणार आहे?

"लिही," अण्णा म्हणाले.

"अण्णा..."

"अंदाजानं नको, पद्मा. ती जे म्हणली ते लिही."

तिनं लिहिलं. सगळं लिहिलं. आवाज बदललाय. बारीक शिट्टीसारखं येतंय. त्याचे कान चांगले होते. वही तिनं त्यांच्या हातात दिली.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. वाचून झाल्यावर ते हळूच खाली, पायरीवरच बसले. प्रणालीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि बाकावरून आणून त्यांच्या शेजारी पायरीवर ठेवला. मग तीही दोन पायऱ्या सोडून खाली बसली आणि बोलायला लागली. दत्ताराम लहानपणी झाडावरचा पक्षी न बघता ओळखायचा. लग्नाआधी भजनात पेटी वाजवायचा. रात्रपाळी असली की घरातून निघताना दाराची कडी आवाज न करता लावायचा, ती उठू नये म्हणून. ती कुणाकडेच बघत नव्हती.

अण्णांनी वही पद्मजाकडे परत दिली.

पद्मजा त्या दोघांच्या मधल्या पायरीवर बसली. तिनं नवं पान उघडलं आणि प्रणाली बोलत होती तोवर, एकही शब्द न गाळता, लिहीत राहिली.